कंसाबाहेरची बाई

डोंगरातल्या यानाकोचा आल्तो गावी आलेला प्रत्येक शिक्षक शुक्रवारच्या बसने खाली उतरायचा आणि कुठल्यातरी सोमवारी परत वर यायचं विसरून जायचा. गावाने हे इतक्यांदा पाहिलं होतं की माझं स्वागतबिगत कुणी केलंच नाही. पोरांनी तेवढं विचारलं, "बाई, तुम्ही कधी जाणार?" मी म्हटलं, लवकरच. खोटं कशाला बोला?

मी एस्मेराल्दासची, समुद्राकाठची. आमच्याकडे लोक दारात खुर्ची टाकून रस्त्यावरच्या माणसाशी ओरडून बोलतात. इथे डोंगरात माणसं भिंतीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलतात, आणि दुपारी धुकं खाली आलं की समोरचा माणूसही दिसत नाही. शाळेच्या मागे पत्र्याची एक खोली, तीच माझं घर. रात्री अंगावर असतील नसतील ते सगळे कपडे घालून मी झोपायचे आणि सकाळी तेच घालून शिकवायचे. तीन इयत्ता एका खोलीत, एक फळा, एक बाई.

पळून जाता आलं असतं. पण बदली न घेता गेलेल्याची नोकरी जाते, आणि माझ्या नोकरीवर एस्मेराल्दासमध्ये दामारिस जेवत होती. दामारिस माझी मुलगी. तिचा बाप ती पोटात असतानाच ग्वायाकिल शहरात कामाला म्हणून गेला तो गेलाच. मी डोंगरात आले तेव्हा ती चार वर्षांची होती, माझ्या बहिणीजवळ, यादिराजवळ ठेवलेली. सुरुवातीला फोनवर ती मला मामी म्हणायची, आमच्याकडे आईला मामीच म्हणतात. मग यादिरा झाली मामी, आणि मी मामी मारिउक्सी. अलीकडे नुसतीच मारिउक्सी, शेजारणीला हाक मारावी तशी. वर्गात मी शिकवते की बेरजेत संख्यांनी जागा बदलल्या तरी काही बिघडत नाही. घरात आईने आणि मावशीने जागा बदलल्या की काय बिघडतं ते त्या पुस्तकात दिलेलं नाही.

ह्या वर्षी एस्मेराल्दासला आमच्या वस्तीतल्या शाळेत जागा निघाली. अर्ज करायचा तर गावच्या सभेचं संमतीपत्र हवं, जूनच्या आत, आणि त्यावर गावप्रमुखाचा शिक्का आणि पंचांच्या सह्या. गावप्रमुख म्हणजे ताइता बेलिसारिओ पेरुगाची; ताइता म्हणजे बाबा, वडीलधाऱ्याला म्हणतात. पाठीवर लांब वेणी, डोक्यावर काळी हॅट, आणि नाही हा शब्द न वापरता नाही म्हणायची कला.

"बदलीवर दुसरी बाई येऊ दे," तो म्हणायचा, "मग बघू."

"दुसरी येत नाही, ताइता. इथे कोण येणार?"

"तेच तर. मग तुम्ही गेलात तर पोरांना कोण?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मूग गिळून परत यायचे आणि वह्या तपासायचे.

चौथीच्या गणितात एक धडा आहे. कुठल्याही संख्येत शून्य मिळवलं की संख्या आहे तीच राहते. मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं की ह्या गावात आपण शून्य म्हणून राहायचं. कुणाच्या लग्नात नाही, कुणाच्या मयतात नाही. मी गेल्यावर गाव आहे तसं राहील आणि मीही आले तशी जाईन. फार हुशारीचा बेत होता. एका रविवारने त्याची वाट लावली.

त्या शनिवारी रस्त्यावर दरड आली आणि बस आली नाही. बाजार नाही, घरातला गॅस संपलेला, आणि कोरडा पाव चावून चावून माझा जबडा दुखत होता. रविवारी दार उघडलं तर पायरीवर हे एवढं मोठं लाकडी पातेलं, वर नक्षीचं फडकं. आत उकडलेले बटाटे, मक्याचे शिजवलेले दाणे, उकडलेली अंडी, अख्खी कोंबडी, आणि सगळ्यांच्या वर दात विचकून भाजलेले गिनीपिग. मला वाटलं, कुणाकडे सण असेल, वाटा पाठवलाय. गिनीपिगला मी तीन वर्षांत हात लावला नव्हता, तेव्हाही लावला नाही. पण अंडी खाल्ली. कोंबडीची तंगडी खाल्ली. बटाटे तर मोजलेच नाहीत.

सोमवारी शाळा सुटल्यावर बेलिसारिओ आणि त्याची बायको मामा सोइला आले; मामा म्हणजे इथल्या बोलीत आई. दोघांचे कपडे धुतलेले, सोइलाच्या गळ्यात सोनेरी मण्यांचे सगळे पदर. त्यांच्यामध्ये त्यांची नात यारिना, माझ्याच दुसरीतली.

"बाईंनी स्वीकार केला," बेलिसारिओ म्हणाला. "आम्ही आभार मानायला आलो."

"कसला स्वीकार?"

"यारिनाचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन आहे ना. तिला आचीमामा हवी. धर्माची आई. आम्ही मागणं ठेवलं होतं दारात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे मोठं काही मागायचं तर असं पातेलं ठेवतात. मान्य नसेल तर फडकंसुद्धा न उचलता परत पाठवायचं. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. मी मात्र हात दाखवून अवलक्षण करून बसले होते.

"पण मला कुणी सांगितलं नाही. आणि मी फक्त अंडी खाल्ली. आणि जरा कोंबडी."

"आधी अंडी खाल्ली काय आणि आधी गिनीपिग खाल्ला काय," सोइला तोंडावर शालीचं टोक धरून म्हणाली, "बेरीज तीच येते म्हणे. नात सांगते, शाळेत तुम्हीच शिकवता."

यारिना पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि हात जोडून मान खाली घालून थांबली. आशीर्वाद मिळेपर्यंत धर्माची लेक उठत नाही. फरशी गार होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

मला वाटलं होतं, एक पोरगी, एक कम्युनियन, एक पांढरा फ्रॉक, संपलं. पण दुसऱ्या दिवशी नळावर बेलिसारिओचा भाऊ म्हणाला, "कसं काय, कोमाद्रे?" कोमाद्रे, म्हणजे आमच्या पोरीची धर्माची आई. त्याची बायको म्हणाली कोमाद्रे. तिची आई, तिच्या आईचा जावई, रस्त्यापलीकडचे मायग्वा, ज्यांचं पेरुगाचींशी एका वासराच्या देवघेवीतून काहीतरी नातं होतं, सगळे कोमाद्रे म्हणायला लागले. मी एका पोरीची आचीमामा झाले आणि अख्ख्या गावाची विहीणबाई. आता कुणाच्या घराचं छत घालायचं असेल तर बाई हवी. कुणाची आजी गेली तर रात्रभर बसायला बाई हवी. एखाद्या शुक्रवारी मी सामान आणायला बसच्या थांब्यावर उभी राहिले की कुणीतरी विचारायचंच, "कोमाद्रे, सोमवारी येणार ना?" आणि ते विचारणारं माणूस बसबरोबर दोन पावलं चालत यायचं.

अशाच एका आठवड्यात मी चौथीला कंस शिकवत होते. तीन गुणिले, कंसात चार अधिक दोन. कंसाबाहेरच्या तीनने आतल्या दोघांनाही गुणायचं. दुनियेतली पोरं इथे पहिल्याला गुणतात आणि दुसऱ्याला विसरतात. ही पोरं विसरली नाहीत. सगळ्यांचं बरोबर आलं, अठरा. मी खूश होऊन फळ्यावर पुढचं लिहिलं, दोन गुणिले, कंसात तीन गुणिले पाच.

सगळ्यांचं उत्तर आलं साठ.

"कसं काय साठ?" मी म्हटलं. "तीन पाचे पंधरा, पंधरा दुणे तीस."

सायरी ताबांगो उभा राहिला. वर्गातला वकील तो. "दोनने तीनला गुणलं, सहा. मग पाचलाही गुणलं, दहा. सहा दाहे साठ."

"पाचला का गुणलंस? आत बेरीज नाही, गुणाकार आहे. ते दोघं आधीच एकजीव झालेत. एकदाच गुणायचं."

"पण बाई, पाचही घरातच आहे ना."

"असू दे. त्याला नाही द्यायचं."

पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या, जणू मी कुणाच्या ताटातलं काढून घेतलं. सायरीने मागच्या बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एका घरात दोघं असले आणि एकालाच दिलं तर दुसऱ्याचा अपमान होतो, बाई," तो म्हणाला. "मग तो वर्षभर बोलत नाही."

मी खडू खाली ठेवला. रागच आला मला, पोरांचा नाही, ह्या सगळ्या डोंगराचा. इथे कुणाला सोडून द्यायचं कसं असतं हेच माहीत नाही. पोरांना साधी संख्याही सोडून देववत नव्हती, मग गाव मला कुठून सोडणार होतं? मी तीस पुन्हा एकदा समजावून सांगितलं. पोरांनी वहीत तीस लिहिलं, पण पाचकडे बघून त्यांना वाईट वाटत होतं.

त्या शनिवारी मी पाण्याच्या टाकीवर चढून घरी फोन लावला. गावात रेंज तेवढीच. फोन दामारिसने उचलला.

"कोण?"

"मी."

"मी कोण?" आणि मग मागे वळून, मोठ्याने, "मामी, तुझ्या बहिणीचा फोन आहे."

यादिरा फोनवर आली आणि रडायला लागली. "अगं, मी तिला शिकवलेलं नाही गं असं. देवाशप्पथ. मी रोज तुझा फोटो दाखवते."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. आणि खरंच माहीत होतं.  त्या पोरीने मला आयुष्यातून वजा केलं होतं आणि वर ते अगदी सभ्यपणे केलं होतं.

मी तडक बेलिसारिओच्या घरी गेले. तो अंगणात माग लावून बसला होता, तिथेच उभी राहून मी म्हटलं, आता कोमाद्रे झाले ना तुमची? मग द्या मला पत्र.

"परकी होतात तेव्हा मागितलं असतंत तर गोष्ट वेगळी," तो धाग्यावरची नजर न काढता म्हणाला.

"तेव्हाही मागितलंच होतं."

"हो का? आता तर जास्तच अवघड झालं, कोमाद्रे. आपल्या माणसाला कुणी घराबाहेर काढतं का?"

मला किंचाळावंसं वाटलं. दारं सगळी उघडी, सगळे हसून बोलतात, बटाटे आणून देतात, आणि मी आत कोंडलेली. तुरुंगात निदान कैद्याला माहीत असतं की पहारेकरी आपल्याला आवडत नाही.

यारिना चुलीजवळ मका सोलत होती. मला पाहून ती उठली, गुडघ्यांवर बसली, आणि मी आशीर्वाद दिल्यावर परत मक्याकडे गेली. तेवढ्यात सोइलाच्या शालीतला मोबाइल वाजला. यारिनाची आई बेल्जियममध्ये बाजारात शाली आणि पोंचो विकते, पोरगी रांगत असल्यापासून तिकडेच. सोइलाने फोन पुढे केला. यारिनाने डोकं हलवलं.

"बोल की गं, आई आहे."

"ती बाई नुसती रडते," यारिना म्हणाली आणि कणीस सोलत राहिली.

बेलिसारिओचा माग थांबला. त्याने नातीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मी मात्र त्या पोरीच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे पाहत होते आणि मला दुसऱ्याच केसांचा वास येत होता, खोबरेल आणि उन्हाचा.

अंगणाच्या फाटकापर्यंत सोइला मला सोडायला आली. "कोमाद्रे," ती हळू म्हणाली, "तुम्ही सारखं उभ्याउभ्या मागता. बसने जाता जाता पाणी मागावं तसं. आमच्या दारात तुम्ही कधी काही ठेवलं नाहीत." मग ती कोंबड्यांना शुक शुक करत आत निघून गेली.

पुढच्या शनिवारी मी खाली इबारा शहराच्या बाजारात गेले. तिथे समुद्राकडची गाडी येते. मासळी घेतली, नारळ घेतले, हिरवी केळी घेतली, आणि पोतं खांद्यावर मारून वर आले. रविवारी सकाळपासून खोलीत नारळ खवत होते, रस काढत होते. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, हिरवीगार कोथिंबीर परतून त्यात मासळी सोडली आणि वरून नारळाचा रस. माझ्या आईच्या घराचा वास त्या पत्र्याच्या खोलीत पहिल्यांदाच आला, आणि मी चमचा हातात धरून भरपूर रडून घेतलं. मग तोंड धुतलं, त्यांचंच लाकडी पातेलं घासून भरलं, भात, केळी, वर फडकं. भर दुपारी, सगळं गाव बघत असताना, ते पेरुगाचींच्या दारात ठेवलं. आणि मी परत गेले नाही. तिथेच अंगणात दगडावर बसले.

बेलिसारिओ बाहेर आला. त्याने पातेलं पाहिलं, मला पाहिलं, आणि हॅट काढून हातात घेतली. काय मागणं आहे हे विचारायची गरज नव्हती. सोइलाने फडकं उचलून वास घेतला.

"हे दूध कुठल्या जनावराचं?"

"झाडाचं," मी म्हटलं.

"झाडाला दूध येतं तुमच्याकडे?"

"येतं."

"मग तुम्हाला परत जावंसं वाटणारच," ती म्हणाली आणि फडकं तसंच हातात धरून नवऱ्याकडे पाहत राहिली.

शेजारपाजारचे कुंपणापाशी जमले.  पातेल्यातली वाफ कमी होत चालली होती. बेलिसारिओ ते तसंच उचलून माझ्या हातात परत देऊ शकत होता, त्याला कुणी बोल लावला नसता. गावाला बाई हवी होती आणि तो गावाचा प्रमुख होता. शेवटी तो पायरीवर बसला. यारिनाला हाक मारून त्याने मांडीशी घेतलं.

"हिची आई निघाली तेव्हा मीच म्हटलं होतं, दोन वर्षांत ये," तो म्हणाला. माझ्याशी बोलत होता की कुणाशी, कळलं नाही. "मीच म्हटलं, जा."

आणि त्याने बोटांनी माशाचा तुकडा तोडला आणि खाल्ला. सावकाश खाल्ला, काटे काढून. मग एक तुकडा नातीला भरवला.

"गोड आहे," यारिना म्हणाली.

मला हायसं वाटलं, पण तेवढ्यात कुंपणापलीकडून पंचांपैकी एकजण, मायग्वांचा म्हातारा, ओरडला, "तू खाल्लंस, बेलिसारिओ. आम्ही नाही खाल्लं. सह्या आमच्याही लागतात."

खरंच होतं ते. एकट्याच्या शिक्क्याने काय होणार? माझं अवसान पुन्हा गळालं. बेलिसारिओने बोटं चाटली, हॅट डोक्यावर ठेवली आणि बायकोकडे वळला.

"सोइला, वाट्या काढ. प्रत्येक पंचाच्या घरी पाठव. कोमाद्रेने आणलंय, आपण एकट्यानेच खाल्लं तर बाकीच्यांचा अपमान होईल."

सोइलाने वाट्या काढल्या. मायग्वांच्या म्हाताऱ्याच्या हातात पहिली वाटी बेलिसारिओने स्वतः नेऊन दिली, कुंपणावरून. म्हातारा वाटीकडे बघत राहिला. प्रमुखाच्या घरची वाटी परत करायची म्हणजे आयुष्यभराचं भांडण, आणि खायची म्हणजे बाईला सोडायचं.

"तू मला अडकवलंस," तो म्हणाला.

"हो," बेलिसारिओ म्हणाला. "खा, गार होईल."

त्या आठवड्यात सभा झाली. सह्या झाल्या, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अंगठे झाले, शिक्का बसला. कुणी हसलं नाही की चिडलं नाही. सायरीने तेवढं विचारलं, "बाई, नवीन बाई नाही आल्या तर?"  मी त्याला म्हटलं, वही काढ. त्याने काढली. ही पोरं सोडून जाताना मला आनंद होईल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि आता पत्र खिशात असताना मला नीट शिकवताही येत नव्हतं.

शनिवारी मी टाकीवर चढले. फोन दामारिसने उचलला.

"मी मारिउक्सी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "मी घरी येतेय. कायमची."

पलीकडे पंख्याचा आवाज, रस्त्यावरचं गाणं, कोंबडा. 

"तू आलीस की मामीला जावं लागेल का?"

"नाही. यादिरा कुठेही जाणार नाही. ती राहील, तू राहशील, आणि मी येईन. बस."

"पण पलंग एकच आहे," ती म्हणाली. "त्यावर आम्ही दोघी झोपतो. तू कुठे झोपशील?"

"खाली. जमिनीवर."

"मामीच्या बाजूला की माझ्या?"

धुकं खालून वर यायला लागलं होतं. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"तू सांगशील त्या बाजूला."

 मग फोन तोंडाजवळ आणून, मागच्या खोलीत ऐकू जाऊ नये असं हळू, ती म्हणाली, "माझ्या."